ट्रम्पची मैत्री आणि खानदेशचा कापूस

फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादेत ‘नमस्ते ट्रम्प’ झाले, तेव्हा आम्ही जळगावकर मतदारांनी दिवसभर वाहिन्यांवर मैत्रीचे गोडवे ऐकले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ट्रम्पनी भारतीय मालावर ५० टक्के कर लादला. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात! वाहिन्यांवर मात्र दोन नेत्यांचे रुसवेफुगवे. मला ट्रम्पपेक्षा या गप्पांचाच राग जास्त येतो. अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ उगाच काढला नव्हता. धरणगाव-शिंदखेड्याच्या शेतात किलोच्या भावाने कापूस वेचणाऱ्या भूमिहीन बाईला कोणत्या वाहिनीने चर्चेला बोलावले, सांगा!