कुणाचं पोट दुखतंय?

मुलांनो, नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा भाषा बोलतात. तिथे म्हणीला बोलण्याचा घोडा म्हणतात. बोलणं हरवलं, की त्यावर बसून शोधायचं!

परवा वर्गात एक मुलगा बाकावर डोकं टेकून बसला होता. "बाई, हा आळशी आहे!" पोरं ओरडली. मी योरुबा म्हण सांगितली, "सगळेच सरडे पोटावर पडलेले, पोट कुणाचं दुखतंय, कसं कळणार?" सगळी हसली. मग दुसरी सांगितली, "एकाच बाजूचं ऐकून निवाडा करणारा दुष्टच." आता सगळी गप्प! एकीनं हळूच विचारलं, "जेवलास का रे?" त्यानं नकारार्थी मान हलवली. मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे चार डबे उघडले.

तुम्हीसुद्धा नाव ठेवण्याआधी विचारा हं!