फरशीवरचे ओरखडे

धाकट्या कन्येचा विवाह ठरला, तेव्हा नव्या दिवाणखान्यात कोटा फरशी बसवून झाली होती; घासकाम तेवढे बाकी होते. आमचे दुकान हार्डवेअरचे. फरशी घासण्याची दोन यंत्रे आम्ही भाड्याने देतो. त्यामुळे यंत्र दुकानचे, घासण्याचे दगड दुकानचे आणि कारागीर म्हणून आमच्याच गिऱ्हाइकांची कामे वर्षानुवर्षे करणारे एक मिस्त्री, अशी सोय घरच्या घरी झाली. मजुरी चौरस फुटावर ठरली. निम्मी आधी, उरलेली काम पाहून.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी दिवाणखान्यात पाऊल टाकले. दुपारी जी फरशी आरशासारखी वाटली होती, तिच्यावर खिडकीतून तिरपे ऊन पडले होते, आणि त्या उन्हात चंद्रकोरीसारखे ओरखडे रांगेने उमटलेले दिसत होते. लग्न अठरा दिवसांवर आले होते. मी रागाच्या भरात म्हणालो, "मिस्त्री, हात थरथरतो आहे तुमचा आता. हे काम मी पास करणार नाही. उरलेले पैसे मिळणार नाहीत." घरातली मंडळी आणि त्यांचा शिकाऊ मुलगा ऐकत होते. मिस्त्रींनी यंत्राची वायर गुंडाळली आणि एवढेच म्हणाले, "अण्णा, उद्या सकाळी एकदा तुम्ही स्वतः मशीन धरून बघा."

सकाळी मागच्या पडवीत, उरलेल्या जुन्या फरशीवर, त्यांनी यंत्र माझ्या हाती दिले. मी चार पावले चालवले. पाणी पुसून पाहिले, तर त्याच कोरी उमटलेल्या. मग ते म्हणाले, "आता हळू चालवा." हळू चालवले, तेव्हा कोरी एकमेकींच्या जवळ आल्या. वेगाने चालवले, तेव्हा त्यांच्यातले अंतर वाढले. मिस्त्रींनी उलगडा केला. दोष फरशीत असता, तर खुणा फरशीच्या त्याच जागी राहिल्या असत्या. माणसाच्या हाताचा असता, तर त्यांना असा नियम नसता; शिवाय यंत्र एकाच जागी रेंगाळले, तर तिथे खळगा पडतो, कोर पडत नाही. ज्या खुणांमधले अंतर चालण्याच्या वेगाप्रमाणे बदलते, त्या फिरणाऱ्या तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला पडतात. म्हणजे दोष यंत्रात होता.

नंतर त्यांनी एकेक शक्यता बाजूला सारली. चाके हलवून पाहिली. ती घट्ट होती. तबकडी हाताने फिरवली. ती डगमगत नव्हती. मग दगडांचे संच आळीपाळीने लावून पाहिले. इथे थोडे सांगायला हवे. कोटा फरशी आधी ६० नंबरच्या दगडाने घासतात, मग १२०, २२०, ३२० असे चढत जातात. आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. प्रत्येक टप्प्याचे काम आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसण्याचे. मधला टप्पा गाळला, किंवा आधीच्या टप्प्याचा गाळ सांध्यांतून नीट धुतला नाही, तर पुढचा बारीक दगड खोल ओरखडा मिटवू शकत नाही. त्याला फक्त चकाकी आणतो.

६० चा संच व्यवस्थित चालला. १२० चा लावताच कोरी उमटल्या. यंत्र मागे कलते करून मिस्त्रींनी तिन्ही दगडांवर एक सरळ पट्टी आडवी धरली. दोन दगड झिजून सपाट झालेले होते, तिसरा नवा आणि त्यांच्यापेक्षा नाण्याच्या जाडीइतका उंच. यंत्राचा सारा भार त्या एकट्यावर येत होता. त्याच्या पाठीवरचा नंबर पुसला होता. नखाने घासून पाहिला, तर कण ६० चे निघाले.

तो दगड तिथे कसा आला, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. वर्षभरापूर्वी मीच दुकानातल्या पोराला सांगितले होते, "तिन्ही कशाला बदलतोस? झिजला असेल तेवढाच एक बदल. सुटे पडलेत ना खणात!" ही काटकसर मला त्या वेळी हुशारीची वाटली होती.

मी विचारले, "मिस्त्री, पहिल्या दिवशीच मशीन उड्या मारते आहे हे तुम्हाला कळले असेल ना?"

"कळलं होतं. दुकानात पोराला बोललोही. तो म्हणाला, शेठ म्हणतात चालतं. मशीन तुमचंच, घर तुमचंच. तोंडावर कसं म्हणायचं, अण्णा? पण दगड उलटून बघायला हवे होते, ती चूक माझी."

त्या एका वाक्याने मला जितके ओशाळवाणे वाटले, तितके आदल्या दिवशीच्या ओरखड्यांनीही वाटले नव्हते. ज्यांच्यासमोर त्यांना बोललो होतो, त्या सर्वांना बोलावून मी चूक कबूल केली. उरलेली मजुरी तिथेच दिली. नवे, पूर्ण संच आणवले. काम पुन्हा ६० पासून सुरू झाले आणि त्या दिवसांची मजुरी मी वेगळी मोजली.

पण प्रश्न केवळ माझ्या फरशीचा नव्हता. त्या रात्री यंत्रभाड्याची वही उघडली. वर्षभरात दोन गिऱ्हाइकांनी हीच तक्रार आणली होती. दोघांनाही मी "चालवणाऱ्याचा हात नीट नाही" असे सांगून अनामत रकमेतून कापून घेतले होते. दुसऱ्या दिवशी दोघांकडे जाऊन रक्कम परत केली. एकाने हसून चहा पाजला. दुसऱ्याने पैसे घेतले आणि म्हणाला, "शेठजी, तेव्हा माझ्या कारागिराची मजुरी मी कापली होती. तो आता गाव सोडून गेला." त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आता आमच्या दुकानातून दगड संचानेच बदलले जातात, सुट्या दगडांचा खण काढून टाकला आहे, आणि यंत्र बाहेर जाण्यापूर्वी पट्टी लावून तिन्ही दगड तपासले जातात. तक्रार आली, तर आधी यंत्र पाहायचे, माणूस नंतर, असे पोराला बजावले आहे. खर्च थोडा वाढला आहे.

लग्नाच्या दिवशी मिस्त्री सहकुटुंब आले होते. संध्याकाळी पंगत उठल्यावर मी पाहिले, तर ते दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी जरा वाकून तिरप्या उन्हात फरशी न्याहाळत उभे होते. मग सरळ झाले आणि आत जाऊन बसले.