चेहऱ्याचा जमाखर्च

जून महिन्यातील एका दुपारी धुळ्याहून आलेली एसटी जळगावच्या बसस्थानकात थांबली आणि तिच्यातून अठरा वर्षांची एक मुलगी उतरली. पारोळा, एरंडोलमार्गे झालेला सारा प्रवास तिने चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळून केला होता. खानदेशच्या उन्हात यात विशेष असे काही नव्हते. येथील कितीतरी मुली असाच प्रवास करतात. विशेष होते ते पुढचे. आजोळच्या घरात पाऊल ठेवल्यावर, नानीजींनी पाण्याचा तांब्या पुढे केल्यावरही तिने ती ओढणी सोडली नाही.

बारावीनंतर वाणिज्य शाखेच्या शिक्षणासाठी तिला जळगावला ठेवण्याचे ठरले होते. नवे शहर, नवे महाविद्यालय याची तिला भीती नव्हती. भीती होती ती नव्या लोकांसमोर चेहरा उघडा करण्याची. गेल्या सहा महिन्यांत ती एकाही लग्नाला गेली नव्हती. महावीर जयंतीच्या मिरवणुकीत लहानपणापासून पुढे चालणारी ही मुलगी यंदा पोट दुखत असल्याचे सांगून घरीच राहिली होती.

दहावीत असताना कपाळावर चार-दोन मुरुमे आली, तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. या वयात येतातच, असे आई म्हणाली आणि ते खोटेही नव्हते. पुढे ती गालांवर, हनुवटीवर पसरली, तसा प्रत्येक नातलग वैद्य झाला. कोणी रक्त बिघडल्याचे सांगितले, कोणी पोट साफ नसल्याचे. धुळ्याच्या दादीजी तर एकदा पाहुण्यांसमोरच बोलून गेल्या, “असा चेहरा घेऊन उद्या तुला कोण पसंत करणार गं?” दादीजींच्या मनात काळजीच होती, परंतु काळजीचे शब्दही टोचतात. त्या दिवसापासून मुलीने आरशाकडे आणि माणसांकडे पाहणे कमी केले.

नानाजींनी चाळीस वर्षे सराफ बाजारातील एका पेढीवर मुनीम म्हणून हिशेब लिहिले होते. उपदेश करण्याची त्यांना सवय नव्हती. मांडणी करण्याची होती. तिसऱ्या दिवशी सामायिक आटोपल्यावर त्यांनी नातीला जवळ बसवले, लाल कापडी बांधणीची एक कोरी वही उघडली आणि म्हणाले, “बेटा, चेहऱ्याला आजवर जे जे लावलेस ते सारे येथे आण. कोणी रागावणार नाही. आपल्याला फक्त लिहायचे आहे.”

सतरंजीवर अकरा वस्तू मांडल्या गेल्या. मुलतानी माती, चंदनाची पूड, तुरटीचा खडा, तीन प्रकारचे फेसवॉश, खरखरीत दाण्यांचे दोन स्क्रब, गोरेपणाचे एक क्रीम, मुरुमावर रात्री लावायची टूथपेस्ट आणि शेवटी दाबून दाबून चपटी झालेली एक लहानशी ट्यूब. मोबाइलवरील चित्रफितींत मध आणि बटाट्याचा रसही सुचवलेला होता. परंतु या दोन्ही वस्तूंना घरातच मज्जाव असल्याने तेवढा प्रयोग टळला होता. नानाजींनी प्रत्येक वस्तूपुढे लिहिले: कोणी सांगितले, केव्हापासून, काय जमा, काय नावे. दहा वस्तूंच्या जमेच्या बाजूला काहीच नव्हते. अकराव्या ट्यूबच्या जमेला मात्र पहिल्याच आठवड्याची नोंद होती, ‘चेहरा उजळला, मुरुमे बसली.’ नावे बाजूची नोंद सांगताना मुलीचा आवाज दाटून आला. ट्यूब दोन दिवस थांबवली की चेहऱ्याची आग होई, कातडी लालबुंद होई आणि मुरुमे दुप्पट वेगाने उसळत. म्हणून ती गेल्या दिवाळीपासून एकही दिवस न चुकता लावत होती. ही ट्यूब कोणा डॉक्टरांनी लिहून दिली नव्हती. ओळखीतल्या एका मैत्रिणीने नाव सुचवले होते आणि ती चिठ्ठीशिवाय सहज मिळाली होती.

ही वही घेऊनच आजोबा आणि नात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी वही काळजीपूर्वक वाचली, ट्यूबवरील बारीक अक्षरे पाहिली आणि तीन नावे मोठ्याने उच्चारली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. यांपैकी पहिले स्टिरॉइड. हे मिश्रण वांगासारख्या काळ्या डागांवर, तेही मोजक्या काळासाठी आणि देखरेखीखाली वापरण्याचे. मुरुमांवर किंवा गोरे होण्यासाठी लावण्याचे नव्हेच. स्टिरॉइडमुळे सूज आणि लाली तात्पुरती दबते, म्हणून चेहरा स्वच्छ झाल्याचा भास होतो. आतून मात्र त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, ऊन सोसवत नाही, काहींच्या चेहऱ्यावर लव वाढते आणि नवी मुरुमे उठतात. थांबवले की दबलेले सारे उफाळून येते. नानाजींना हे लगेच उमगले. ते म्हणाले, “म्हणजे हा उसनवारीवर चाललेला धंदा. रोज नवे कर्ज काढून जुने फेडायचे.” डॉक्टर हसून म्हणाले, “अगदी तसेच.”

ही गोष्ट या एका घरापुरती नाही. स्टिरॉइडयुक्त मलमांचा चेहऱ्यावर होणारा गैरवापर देशभर इतका वाढला की इंडियन असोसिएशन ऑफ डर्मेटोलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. २०१८ साली केंद्र सरकारने नियमांत बदल करून अशा अनेक मलमांना ‘शेड्यूल एच’च्या कक्षेत आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. नियम झाला तरी ट्यूब हातोहात फिरतातच. गोरेपणाचे आकर्षण आणि झटपट गुणाची घाई या दोन गोष्टींना कायद्याने आवर घालणे कठीण असते.

डॉक्टरांनी मग मुरुमांचे मूळ समजावले. किशोरवयात संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव्य तयार करतात. मृत पेशी आणि हे द्रव्य मिळून केसांच्या मुळाशी असलेली सूक्ष्म छिद्रे बुजतात, त्यात त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. यात रक्त ‘बिघडण्याचा’ संबंध नाही. काळ्या टोकाच्या पुटकुळीतील काळेपणा हा मळ नसतो. म्हणून घासून तो जात नाही, उलट घासल्याने सूज वाढते. तुरटी, लिंबू, टूथपेस्ट यांनी त्वचा पोळते. मुलीच्या कपाळावरील मुरुमांना आणखी एक कारण होते. नानीजींकडे येण्यापूर्वी आणि आल्यावरही तिच्या केसांना दररोज भरपूर तेल लावले जाई आणि ते कपाळावर उतरे. तेल आठवड्यातून एकदा, धुण्यापूर्वी लावावे, असे ठरले. नानीजींना ते थोडे जड गेले. पण त्यांनी मान्य केले. पाळी अनियमित असल्यास संप्रेरकांची तपासणी करावी लागते, हेही डॉक्टरांनी विचारून घेतले. तिची तशी तक्रार नव्हती.

नवा क्रम अगदी साधा होता. पहिला महिना तिच्या होरपळलेल्या त्वचेला केवळ विश्रांती. सकाळी आणि रात्री सौम्य, साबणविरहित द्रवाने साध्या पाण्यात चेहरा धुणे, टॉवेलने न घासता टिपणे आणि छिद्रे न बुजवणारे हलके मॉइश्चरायझर लावणे. सकाळी त्यावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या खानदेशात ते चैनीचे नव्हे, गरजेचे. शिवाय सूज आटोक्यात आणण्यासाठी काही आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळी. दुसऱ्या महिन्यापासून रात्री मुरुमांच्या जागी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचा पातळ थर. त्वचा शांत झाल्यावर ०.१ टक्के ॲडापलीन, साऱ्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढे, तेही प्रथम एक दिवसाआड. मुरूम फोडायचे नाही. परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात; तोवर आरशाला रोज प्रश्न विचारायचा नाही.

येथे नानाजींनी एक शंका विचारली. घरात चौविहाराचा नियम आहे आणि कॅप्सूलचे आवरण कशाचे असते? डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की नेहमीचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळते. हे औषध साध्या गोळीच्या रूपातही मिळते, म्हणून त्यांनी गोळी लिहिली. ती सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची होती. घेऊन लगेच आडवे होऊ नये, अन्ननलिकेला इजा होते, हे त्यांनी सांगितले, तेव्हा चौविहार आणि पथ्य एकमेकांच्या आड न येता जुळूनच आले. खोल व्रण पाडणाऱ्या तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे. ते बहुधा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्येच येते आणि गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना फार सावधपणे दिले जाते. ॲडापलीनसुद्धा गर्भारपणी वापरू नये. सुदैवाने या मुलीला त्या कॅप्सूलची गरज पडली नाही. ज्यांना पडते, त्यांनी मनातील प्रश्न डॉक्टरांपुढे आणि गुरूंपुढे मोकळेपणाने मांडावा. मनातल्या मनात औषध बंद करू नये.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत अहिंसेचा विचार करणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या झालेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. तरी घटकांची यादी वाचावी लागतेच. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, कार्माइन हा लाल रंग किड्यांपासून आणि ‘बीज वॅक्स’ म्हणजे मधमाशांचे मेण. नातीने ही नावे वहीच्या मागील पानावर लिहून ठेवली.

पहिला महिना कठीण गेला. ट्यूब बंद करताच चेहरा भाजल्यासारखा लाल झाला आणि मुरुमे उसळली. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते. तरी सांगणे वेगळे आणि सोसणे वेगळे. एका रात्री तिने नानीजींजवळ ती जुनी ट्यूब मागितली, फक्त एकदा लावण्यासाठी. नानीजींनी ट्यूब दिली नाही, रागावल्याही नाहीत. थंड पाण्यात भिजवलेली मऊ मलमलची घडी तिच्या गालावर ठेवून त्या रात्री बारापर्यंत जाग्या बसल्या. दुसऱ्या दिवशी नानाजींनी वहीत लिहिले, ‘आज काही लावले नाही. जमा.’

त्यानंतर चातुर्मास सुरू झाला. घरात प्रत्येकाने काही ना काही नियम घेतला. मुलीने दोन घेतले: चार महिने मिठाई आणि मैदा वर्ज्य, आणि चेहऱ्याचा क्रम एकही दिवस न मोडणे. कोणताही एक पदार्थ मुरुमांचे कारण ठरत नाही. मात्र साखर आणि मैद्यासारखे चटकन पचणारे पदार्थ काहींच्या बाबतीत भर घालतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सकाळी नवकारसीपूर्वी आणि रात्री प्रतिक्रमणानंतर चेहरा धुणे तिच्या अंगवळणी पडले. दुसऱ्या महिन्यात नानीजींना तिच्या उशीच्या निळ्या अभ्ऱ्यावर पांढुरके डाग दिसले आणि त्या घाबरल्या. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, इतकेच त्याचे कारण होते. तेव्हापासून तिच्या अंथरुणावर पांढरा अभ्रा आला.

पर्युषणात ती धुळ्याला गेली. चेहरा तेव्हा निष्कलंक झालेला नव्हता. गालांवर काळसर खुणा होत्या, लाली पूर्ण ओसरली नव्हती. पण नवी मुरुमे जवळजवळ थांबली होती आणि आग होत नव्हती. संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला ती ओढणी न गुंडाळता स्थानकात बसली. प्रतिक्रमण संपल्यावर सारे एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणू लागले. ती दादीजींच्या पाया पडण्यास वाकली, तेव्हा दादीजींनीच तिचे हात धरले. “पाहुण्यांसमोर मी तुला बोलले होते. ते तू विसरली नसशील. मिच्छामि दुक्कडम्, बेटा.” नातीला काही बोलता आले नाही. तिने मान हलवली आणि दादीजींच्या खांद्यावर गाल टेकवला.

दिवाळीपर्यंत खुणा बऱ्याच फिक्या झाल्या. ॲडापलीन आणि सनस्क्रीन पुढेही चालूच राहणार होते, कारण मुरुमांचा उपचार चेहरा साफ झाल्याच्या दिवशी संपत नाही. खर्चिक तपासण्यांची गरज पडली नाही. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांच्यासाठी धुळ्यातील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेतच. घरात अशी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल, तर शेरे मारण्याऐवजी एकदा तेथे घेऊन जाणे अधिक उपकारक ठरेल. एकाचा उपचार दुसऱ्याने परस्पर उचलू नये, हेही तितकेच खरे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नानाजींनी ती लाल वही पूजेत ठेवली. अकरा वस्तूंच्या यादीखाली त्यांनी रेघ मारली होती आणि खाली फक्त चारच नावे होती: चेहरा धुण्याचे द्रव, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि रात्रीचे औषध. पुढील पान त्यांनी कोरे सोडले आणि वही नातीच्या हाती दिली. यापुढचा हिशेब तिने स्वतः लिहायचा होता.