चीक, वार आणि तुझा प्रकल्प

परळ, मुंबई

चि. गार्गी हिस,


तुझ्या प्रकल्पाचा आराखडा मिळाला. ‘मातेच्या प्रतिकारयंत्रणेकडून गर्भाचा स्वीकार होण्यामागील पेशीय व रेणवीय कारणमीमांसा : एक सखोल अभ्यास.’ मुदत दोन महिने, खर्च पाच हजार रुपये! एवढ्यात हे उरकलंस, तर आम्ही इथल्या प्रयोगशाळेला टाळं लावून तासगावला द्राक्षं तोडायला येतो.

प्रश्न उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. गर्भात निम्मा वाटा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबी तो परकाच. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती काही दिवसांतच टाकून देतं. मग हा परका नऊ महिने सुखाने कसा राहतो, असं पीटर मेडावरनी 1953 मध्ये विचारलं. उत्तरंही त्यांनीच सुचवली : दोघांमध्ये आडपडदा असेल, गर्भाच्या ओळखखुणा कच्च्या असतील, किंवा आईची यंत्रणा त्या काळात सुस्तावत असेल. यातलं एकही जसंच्या तसं टिकलं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 70 टक्के एनके पेशी असतात. नावाने त्या ‘मारेकरी’, पण तिथे त्या गर्भाला मारत नाहीत. उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेला रक्त पोचवायच्या कामाला हातभार लावतात. म्हणजे सुस्ती वगैरे काही नाही, आईची यंत्रणा पूर्ण कामात असते.

पण हे बघायला माणसाची वार लागते, आणि ती बाळंतिणीच्या लेखी संमतीशिवाय आणि नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय मिळत नाही, मिळूही नये. समितीची बैठक होईपर्यंत तुझं सत्र संपेल. शिवाय हे काम उभ्या उभ्या शिकता येत नाही. वार अर्धा किलोची असते; तिचा तुकडा सलाइनमध्ये धूत राहावं, पाणी गढूळ झालं की बदलावं, आणि रक्त निघून गेलं की शेवाळासारखे तंतू तरंगायला लागतात. ते न फाटता वेगळे करायला माझ्याकडच्या एम.एस्सी.च्या मुलींनाही बरेच आठवडे लागतात.

तेव्हा तू गोठ्यात जा. हे मी थट्टेने म्हणत नाही. मेडावरही तिथूनच गेले होते. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्यांना गाईच्या जुळ्या वासरांची कातडी एकमेकांना लावून एकाच बीजांडातून झालेली जुळी कोणती आणि दोन बीजांडांतून झालेली कोणती, हे ओळखायचं होतं. पण जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली, गोऱ्हा आणि कालवड अशा जोड्यांनीसुद्धा. याचा उलगडा अमेरिकेत रे ओवेननी 1945 मध्येच करून ठेवला होता. जुळ्या वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पोटातच जुळतात, रक्ताची देवाणघेवाण होते, आणि दोघं एकमेकांच्या पेशी जन्मभर वागवतात. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा गाभण राहत नाही, हे आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. तेही त्या जुळलेल्या रक्तवाहिन्यांमुळेच. शरीर ‘आपलं’ कुणाला म्हणतं, हे शिकवणाऱ्या शास्त्राची एक मुळी अशी गोठ्यात आहे. मेडावरना 1960 चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

आता तुझ्यासाठी गोठ्यातला प्रश्न. माणसाच्या वारेतून आईची प्रतिपिंडं बाळाला पोटातच मिळतात. गाई-म्हशींत वारेची रचनाच अशी, की ती पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळपास नसतातच. सगळी भिस्त चिकावर. आणि तीही थोडे तास, कारण प्रतिपिंडं अख्खी शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या दिवसभरातच संपते. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी 1922 मध्ये काही वासरांना चीक दिलाच नाही, तर त्यातली बहुतेक काही दिवसांत दगावली.

चिकात प्रतिपिंडं किती, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. दादा द्राक्षाची गोडी बघतो तो ब्रिक्स मीटर चालतो. काचेवर चिकाचा एक थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून रेघ वाचायची. स्निग्धांशामुळे ती द्राक्षाच्या रसासारखी स्वच्छ दिसत नाही, जरा धूसर दिसते. म्हणून दोन जणींनी वेगवेगळं वाचून एकमेकींना न सांगता लिहायचं. 22 किंवा त्यावर आकडा आला, की लिटरला निदान 50 ग्रॅम प्रतिपिंडं आहेत, चीक चांगला आहे असं धरतात. मात्र हा 22 बहुतेक होलस्टीन गाईंवरच्या कामातून आलेला आहे. तो पंढरपुरी म्हशीला लागू पडतो का? पहिलारूला आणि चौथ्या वेताच्या म्हशीला एकच पट्टी चालेल का? तुझा प्रकल्प एवढाच ठेव. ब्रिक्सचा आकडा एका बाजूला, आणि आगरच्या थाळीत प्रतिपिंडांचं कडं किती पसरतं ते मोजून काढलेला आकडा दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले तरी निष्कर्ष, नाही जुळले तरी निष्कर्ष. नाही जुळले तर मला जास्त आवडेल.

नमुना पहिल्याच धारेचा हवा. दुसऱ्या पिळणीपर्यंत चीक बराच पातळ होतो आणि मग कशाची कशाशी तुलना करतेस तेच कळत नाही. म्हैस किती वाजता व्यायली, धार किती वाजता काढली, वेत कितवं, हे गोठ्यातच लिहायचं, घरी येऊन आठवून नाही. मालकाला आधी विचारायचं, आणि चमचाभर सोडून बाकीचा चीक वासराच्या पोटात जाईल असं बघायचं. उरला तर खरवस; आधी खरवस आणि मग वासरू, हा आपल्या घरोघरचा क्रम तुझ्या आजीपासून चालत आलाय, त्याबद्दल तू जरा भांडलीस तरी चालेल. वासराचं रक्त काढायच्या भानगडीत पडू नकोस, ते काम डॉक्टरांचं आणि त्याला परवानगीही लागते.

आणखी एक नोंद कर : वार पडली कधी? पुष्कळ ठिकाणी वार पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत, आणि त्यात त्याचे सोन्यासारखे तास जातात. खरं तर पाजल्याने वार पडायला मदतच होते. वार अडकण्यामागेही तुझाच मूळ प्रश्न आहे, फक्त उलटा. नेदरलँडमधल्या संशोधकांना 1991 मध्ये असं दिसलं, की आई आणि वासरू यांच्या ओळखखुणा फार सारख्या असल्या तर वार अडकायचा धोका वाढतो. म्हणजे नऊ महिने ज्याला परकं म्हणायचं नाही, त्याची वार शेवटी परकी म्हणून ओळखावी लागते. हे तुला दोन महिन्यांत सिद्ध करता येणार नाही, पण प्रस्तावनेत अडीच ओळींच्या शीर्षकापेक्षा हे शोभून दिसेल.

तुझ्या मार्गदर्शक मॅडमना हे पत्र दाखव. गोठा म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं तर मला फोन लावून दे. डेअरीच्या संकलन केंद्रावर दादाची ओळख आहे. गाभण म्हशींची यादी तिथे मिळेल. आपल्याकडे म्हशी पावसाळ्यापासून व्यायला लागतात, तेव्हा आत्ताच हिंडायला सुरुवात कर. ब्रिक्स मीटर सध्या कपाटात पडून असेल. पहिल्यांदा शुद्ध पाण्याने शून्य बघून घे. दादाने गेल्या हंगामात तो नीट धुतला असेल यावर माझा विश्वास नाही.

थाळीसाठी लागणारं अँटिसिरम मी इथून मागवते. ते बर्फात येतं. कॉलेजच्या फ्रीजचं दार नीट लागतं का आणि रात्री कोणी त्याचा प्लग काढून मोबाइल लावतं का, हे बघून मला या आठवड्यात कळव.

तुझी,
आत्या