घड्याळ उघडून बघितलंत कधी?

आमच्या ऑफिसात प्रत्येकाचं एकेक वेड आहे. कुणाला बाइक, कुणाला शूज. माझं वेड मनगटावरचं! प्रमोशन झालं तेव्हाच ठरवलं, एक 'स्विस' घ्यायचंच. दोन वर्षं बोनसला हात लावला नाही आणि एका शनिवारी पुण्यातल्या एका पॉश शोरूममध्ये शिरलो. गार एसी, पांढरे ग्लोव्हज घातलेला सेल्समन, निळी डायल... आणि किंमत 1,85,000 रुपये. सेल्समनने ब्रँडचा इतिहास सांगितला, कुठला हीरो हे वापरतो तेही सांगितलं. "आत मशीन कुठलं आहे?" मी उगाच हुशारी दाखवत विचारलं. "सर, स्विस आहे!" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर, मशीन म्हणजे नक्की काय हे मला तरी कुठे माहीत होतं?

"सोमवारी बुक करतो" म्हणून निघालो. रविवारी घरी, पोलादपूरला जायचं होतं.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते, महाड डेपोत. 1986 साली नोकरी लागल्यावर पगारातून पैसे साठवून त्यांनी एचएमटीचं 'जनता' घेतलं. रोज सकाळी दाढी झाली की घड्याळाला चावी द्यायची आणि रेडिओच्या बातम्यांना काटा जुळवायचा, हा शिरस्ता. महाबळेश्वरची गाडी सुटायची वेळ झाली की काटा बघून डबल बेल. लहानपणी मला वाटायचं, आंबेनळी घाटातली गाडी बाबांच्या घड्याळावरच चालते!

मग 22 जुलै 2021 उजाडला. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत घुसलं. आमच्या भाड्याच्या खोल्या तळमजल्यावर. आई-बाबा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले, घड्याळ खाली कपाटात राहिलं. त्याच दिवशी तळियेत डोंगर खाली आला, घरंच्या घरं गेली. अशा वेळी घड्याळाबद्दल कोण बोलणार? बाबांनी चिखलाने भरलेलं 'जनता' पुसलं, रुमालात बांधलं आणि ट्रंकेत ठेवलं. पुढे दोघं पोलादपूरच्या घरी राहायला आले. मी म्हटलं, "बाबा, नवीन घेऊ ना." ते म्हणाले, "बघू." तेव्हापासून त्यांचं मनगट रिकामंच.

तर त्या रविवारी मी ऐटीत त्यांना मोबाइलवर निळ्या डायलचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसाला किती मागे पडतं?"

माझी दांडी गुल! बाबा आत गेले, रुमाल घेऊन आले. "महाडला जाणार असशील तर दाखव. होईल तर होईल."

महाडच्या बाजारपेठेतल्या घड्याळवाल्या चाचांचं दुकानही पुरात बुडालं होतं. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं. "गंज आहे. पण सगळं मेलेलं नाही." मग त्यांनी दुसरं एक चालू एचएमटी उघडून माझ्यासमोर धरलं आणि माझी शिकवणी सुरू झाली.

ही गोल डबी, हिच्यात मेनस्प्रिंग. चावी दिली की ती गुंडाळते, उलगडताना चाकं फिरवते. मग ती एका झटक्यात उलगडून का जात नाही? कारण वाटेत एक पहारेकरी बसलाय, एस्केपमेंट. तो चाकाचा एका वेळी एकच दात सोडतो. केव्हा सोडायचा हे ठरवतं बॅलन्स व्हील. ते एकदा इकडे, एकदा तिकडे झुलतं आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग त्याला परत ओढते. प्रत्येक झोक्याला एक 'टिक'. तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला 4,32,000! आणि डायलवर '17 ज्युवेल्स' लिहिलेलं असतं ना? ते दागिने नव्हेत. ती कृत्रिम माणकं. चाकांची टोकं त्यांच्यात फिरतात, म्हणून झीज कमी होते.

मग मी जरा 'होमवर्क' केला. आजच्या बऱ्याच स्विस ऑटोमॅटिक घड्याळांत तासाला 28,800 टिक असतात, म्हणून सेकंद काटा तरंगल्यासारखा पळतो. त्यांच्यातल्या 'क्रोनोमीटर' प्रमाणपत्रवाल्यांनाही चाचणीत दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. उलट क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, त्यामुळे रस्त्यावरचं स्वस्त घड्याळही वेळेत लाखाच्या घड्याळाला हरवू शकतं. आणि डायलवरचे '30 मीटर' वाचून पोहायला उतरू नका, ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतंच!

म्हणजे लाखभर मोजायचे ते अचूकतेसाठी नाहीतच. ते कारागिरीसाठी, न चरचरणाऱ्या सफायर काचेसाठी आणि चाळीस वर्षांनीही झाकण उघडून दुरुस्त करता येईल म्हणून. पण दुरुस्त करणार कोण? एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने 1961 साली बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. 2016 साली सरकारने 'एचएमटी वॉचेस' बंद करायला मंजुरी दिली. तरी चाचांकडे पार्ट आहेत. एकाच जातीचं मशीन लाखो घड्याळांत गेलं, त्यामुळे एक मेलं की दुसऱ्याच्या कामी येतं.

"महागडं घे, कोण नको म्हणतंय," चाचा म्हणाले. "पण ते उघडणारा कोण, हे आधी विचार."

सोमवारी मी शोरूममध्ये फोन केला. मशीन कुठलं? सर्व्हिसिंग किती वर्षांनी, खर्च किती, घड्याळ पाठवायचं कुठे? एकाचंही धड उत्तर मिळालं नाही. निळी डायल राहिली. महिन्याभराने दुसरीकडे 70,000 रुपयांचं ऑटोमॅटिक घेतलं. आत सेलिटाचं मशीन. ईटीए आणि सेलिटा या स्विस कंपन्यांची मशीन्स अनेक ब्रँड वापरतात, त्यामुळे ती उघडणारे हात सापडतात. उरलेल्या पैशांतून घरावर नवे पत्रे घातले.

चाचांना 'जनता'ची हेअरस्प्रिंग आणि दोन चाकं बदलावी लागली. डायलवरचा चिखलाचा डाग तसाच ठेवायला बाबांनीच सांगितलं. घड्याळ हातात आल्यावर त्यांनी आधी कानाला लावलं, मग माझं नवं घेऊन तेही कानाला लावलं.

"याला चावी नाही लागत?"

"हाताच्या हालचालीवर आपोआप बसते."

"आणि काढून ठेवलं तर?"

"दीड दिवसात बंद."

बाबा हसले, स्वतःच्या घड्याळाला चावी द्यायला लागले. ते दिवसाला मिनिटभर मागे पडतं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना काटा पुन्हा जुळवला जातो. बाबांची त्याबद्दल काही तक्रार नाही.