सत्तरचे दशक हिंगोलीला कधी पोहोचले?

१/ एखादे दशक शाळेतील मुलांना कसे शिकवावे? गेल्या वर्षी हिंगोली तालुक्यातील एका शाळेत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसोबत १९७०च्या दशकातील लोकजीवन आणि लोकरंजन या विषयावर काही तासिका घेण्याची संधी मिळाली. त्यातून हाती आलेला मुद्दा एका वाक्यात सांगता येईल : कोणतेही दशक सगळीकडे एकाच दिवशी सुरू होत नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/ हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. दहावीच्या इतिहासात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. अडचण वेगळी होती. मुलांच्या मनात त्या दशकाचे चित्र आधीच तयार होते : बेलबॉटम, लांब कल्ले, ‘शोले’ आणि मुंबई. हे चित्र मोबाइलच्या पडद्यावरून आलेले. त्यात त्यांची स्वतःची आजी मात्र कुठेच नव्हती.

३/ म्हणून फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्याला नाव दिले ‘मुंबई’. तो झटपट भरला : १९७१ ‘सोंगाड्या’, १९७२ ‘पिंजरा’, २ ऑक्टोबर १९७२ मुंबई दूरदर्शन, १५ ऑगस्ट १९७५ ‘शोले’. दुसरा रकाना ‘आपले गाव’. तो कोराच राहिला. त्या काळी हिंगोली जिल्हाही नव्हता. परभणीपासून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. जिल्ह्याच्या नावाने शोधून फारसे सापडणार नव्हते. शोधायचे ते घरातच.

४/ गृहपाठ ठरला. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारायचे. तेव्हा काय खात होता? काय ऐकत होता? मजुरी कुठे मिळत होती? आवडता नट, आवडते गाणे हे प्रश्न मुद्दाम टाळले, कारण त्यांत ‘प्रत्येकाला सिनेमा पाहायला मिळत होता’ हे गृहीत धरलेले असते.

५/ पहिल्या प्रश्नाची उत्तरे जवळजवळ सारखी आली : मिलो आणि सुकडी. बाहत्तरच्या दुष्काळात ज्वारी पिकली नाही, तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, रेशनवर मिळू लागली. पांढऱ्या ज्वारीची सवय असलेल्या घरांत तिची भाकर कुणाला आवडली नाही. तरी ती खाल्ली गेली. सुकडी हा दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ. एका मुलीने वहीत आजीचे वाक्य उतरवून आणले : “मिलोची भाकर गोड लागली नाही, पण तिच्यानंच जगलो.”

६/ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते : खडीवर. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. देशपातळीवर असा कायदा यायला २००५ साल उजाडावे लागले.

७/ मुलांना एक साधे गणित घातले. आजी आज ६७ वर्षांची असेल, तर १९७२ साली ती किती वर्षांची होती? वर्ग शांत झाला. उत्तर त्यांच्याच वयाच्या आसपास येत होते. तोवर ‘आजी’ ही त्यांच्यासाठी कायमच म्हातारी असलेली व्यक्ती होती. डोक्यावर दगडाची पाटी घेतलेली, आपल्याच वयाची मुलगी म्हणून त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिले. माझ्या मते इतिहासाची तासिका खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली.

८/ आता दुसरा प्रश्न : ऐकणे. ट्रान्झिस्टर सेलवर चालतो, त्याला विजेची तार लागत नाही. म्हणून ज्या वाडीवस्तीवर विजेचा खांब आला नव्हता, तिथेही गाणे पोहोचले होते. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला एका ओट्यावर आळी जमत असे. एका मुलाने आजोबांच्या ट्रंकेतून रेडिओचा परवाना आणला. रेडिओ ऐकण्यासाठी टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरावे लागे, हे मुलांना खरेच वाटेना. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली.

९/ ‘शोले’चे उत्तर सर्वांत रंजक होते. या चित्रपटाच्या संवादांच्या तबकड्या स्वतंत्रपणे निघाल्या होत्या आणि लग्नकार्यात त्या कर्ण्यांवरून वाजत. त्यामुळे काही आजोबांनी ‘शोले’ आधी ऐकला आणि पुष्कळ नंतर पाहिला. मग आमच्या रकान्यात त्याचे साल कोणते लिहायचे? मुलांनीच तोडगा काढला : एका चित्रपटासमोर दोन साले, एक ऐकल्याचे आणि एक पाहिल्याचे.

१०/ दूरचित्रवाणीचेही तसेच. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे त्यात होती. शेजारचे आंध्र आणि कर्नाटक त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. मुलांच्या वह्यांत टीव्हीची पहिली आठवण आली ती १९८७च्या ‘रामायण’ मालिकेची. मुंबईत १९७२ साली आलेली वस्तू गावाच्या रकान्यात पंधरा वर्षे खाली सरकली.

११/ मग या गावांत करमणूक नव्हती काय? भरपूर होती. जत्रेतला तमाशा, तंबूतला सिनेमा, हिंगोलीचा दसरा आणि रामलीला, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाची वारी, एकादशीचे भजन. ‘पिंजरा’ने तमाशा पडद्यावर नेला, इथे तो कनातीत समोर उभा होता. एका आजोबांनी खडीवरची पहिली मजुरी तंबूतल्या सिनेमावर उडवली आणि घरी मार खाल्ला, असे नातवाने सांगितले तेव्हा वर्ग खदखदून हसला. भूक आणि हौस एकाच माणसाच्या एकाच वर्षात नांदत होत्या. ‘दुष्काळ’ आणि ‘मनोरंजन’ यांची प्रकरणे वेगळी केली की नेमके हेच हातून निसटते.

१२/ याच दशकाचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. एका मुलाच्या वहीत १९७८ समोर एवढेच होते : “आजी म्हणाली, त्या सालचं राहू दे.” २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधे साडेपंधरा वर्षे गेली.

१३/ वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतील मुले एकाच बाकावर बसली होती. हे साल गाळावे, असेही सुचवले गेले. ते गाळले नाही. तारखा आणि घटना सांगितल्या, कुणाच्या आजीला बोलते करण्याचा आग्रह धरला नाही. त्याच काळात वस्त्यावस्त्यांत वामनदादा कर्डकांची गीते गायिली जात होती, हेही सांगितले. रेडिओच्या गाण्यांइतकेच तेही लोकसंगीत. फरक एवढाच, की ते कुठल्या ओट्यावर ऐकू येई आणि कुठल्या नाही. वहीतले ते वाक्य मुलाने खोडले नाही. मौन हीही नोंदच असते.

१४/ शेवटच्या तासिकेला दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला होता. मुंबईचा रकाना पुसावा का, असे एका मुलीने विचारले. पुसला नाही. तोही खराच होता. मात्र संपूर्ण दशक म्हणून तो एकटा पुरेसा नव्हता, एवढेच मुलांना दिसायला हवे होते.

१५/ कोणाला हा प्रयोग करायचा असेल तर साधन फार लागत नाही : दोन रकाने आणि तीन प्रश्न. उशीर मात्र करू नये. १९७२ साली जे पंचविशीत होते ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्या आठवणी कुठल्याही दप्तरात नोंदलेल्या नाहीत. तुमच्या घरी बाहत्तर साली पंधरा वर्षांचे कोण होते? त्यांनी काय खाल्ले, काय ऐकले, हे विचारा आणि खाली लिहा.