भवानी कोण करणार?

फेब्रुवारी-मार्च आला की इंजिनिअरिंग कॉलेजांत ‘आयडिया’ स्पर्धांचं पेव फुटतं. व्यासपीठासमोर चार परीक्षक, पोरांच्या अंगात स्वतःचे नाहीतर चुलतभावाचे कोट, आणि पडद्यावर एक स्लाइड हमखास अशी, की बाजारपेठ हजारो कोटींची आहे. कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात प्रॉडक्शन इंजिनिअरिंग शिकवता शिकवता तिथल्या इन्क्युबेशन केंद्राचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्यामुळे परीक्षकाच्या खुर्चीत मी बऱ्याचदा असतो. माझा प्रश्न ठरलेला: ‘हे आजवर कुणी पैसे मोजून घेतलंय का?’ उत्तरही ठरलेलं: ‘नाही सर, पण सर्व्हे केलाय.’ सर्व्हेत होस्टेलच्या मित्रांनी ‘नक्की घेऊ’ असं लिहून दिलेलं असतं. फुकटात होकार द्यायला कुणाचं काय जातं!

विद्यार्थ्यांना उद्योगाकडे वळवायचं म्हणून आपण त्यांना जागा देतो, वायफाय देतो, यशस्वी माणसांची भाषणं ऐकवतो, ट्रॉफी देतो. भवानी, म्हणजे पहिली विक्री, करणारं गिऱ्हाईक तेवढं देत नाही. धंदा मात्र त्याच्यावाचून सुरूच होत नाही.

आमच्या केंद्रातल्या दोन मुलांचं सांगतो. त्यांनी फौंड्रीसाठी सँडमधली ओल मोजणारं यंत्र बनवलं. ज्यांनी फौंड्री पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळतात. पाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावं लागतं. ओल वाढली की वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल पडतात. कमी पडली की साच्याची कड ढासळते. दोन्हीकडून रिजेक्शन. जुना मोल्डर हे मुठीवर ओळखतो. मूठभर सँड आवळायची, हात उघडायचा, बोटांचे ठसे नीट उमटलेत का पाहायचं, मग ते ढेकूळ मधोमध मोडायचं. कड स्वच्छ तुटली तर सँड तयार. मुलांच्या यंत्रावर हेच काही सेकंदांत आकड्यात दिसायचं. प्रयोगशाळेत यंत्र उत्तम चाललं, स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं.

मग त्यांना घेऊन मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत गेलो. मालकांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. अचूकतेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, ‘पोरांनो, डबा झकास आहे. पण रात्रपाळीला दोन वाजता बंद पडला तर फोन कुणाला लावायचा सांगा की. आणि आमचा मोल्डर एक म्हणाला, तुमचा डबा दुसरंच म्हणाला, तर मी कुणाचं ऐकू?’

पोरं गप्प. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न त्यांना कुणीच घातला नव्हता. त्यानंतर ती त्या फौंड्रीत पाळीला जाऊन बसू लागली. मोल्डरची मूठ आणि यंत्राचा आकडा एकाच वहीत शेजारी शेजारी लिहू लागली. यंत्राचा सेन्सर धुळीनं बुजतो, हे तिथे कळलं. हातमोजे घातलेल्या बोटांना बटण लहान पडतं, हेही तिथेच. त्या मोल्डरनं ‘हे बरं सांगतंय’ असं मालकाच्या कानावर घातलं, तेव्हा कुठे पहिली ऑर्डर निघाली. त्या वहीला मी कुठल्याही बिझनेस प्लॅनपेक्षा जास्त गुण देईन.

ऑर्डर निघाली, बिल लागलं आणि खरा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला. मोठ्या गिऱ्हाइकाला जीएसटी नंबराचं बिल लागतं, कारण त्याला इनपुट क्रेडिट घ्यायचं असतं. म्हणून उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेत असली तरी ही पोरं आपण होऊन नोंदणी करतात. दरमहा रिटर्न भरणाऱ्यानं एकदा बिल लावलं की त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करायचा. पार्टीनं पैसे दिले असोत वा नसोत. पेमेंट यायचं नव्वद दिवसांनी, कर आधी खिशातून. नफा वहीत दिसतो आणि बँकेत खडखडाट. चांगल्या गुणांनी पास झालेली मुलं इथे हबकतात.

कायदा त्यांच्या बाजूनं आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आली, की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते, ऑनलाइन होते. पण पहिल्याच गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा कोण लावणार? दुसरी ऑर्डर जाईल ना! म्हणून वसुली ही कायद्याइतकीच जिभेची कला आहे आणि ती शिकवायला कॉमर्सचा विद्यार्थी लागतो. आमच्याकडे कॉमर्स कॉलेज रस्त्यापलीकडे आहे. दोन्हींकडची पोरं एका चहाच्या गाड्यावर भेटतात, एका कंपनीत मात्र क्वचितच.

गिऱ्हाईक मिळवून देणं म्हणजे काय, हे कोल्हापूरला कुणी बाहेरून शिकवायला नको. संस्थानकाळात गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकलं. दुकान झालं, पण दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करून स्वतः चहा मागवू लागले, बरोबरच्या लोकांनाही पाजू लागले. नुसतं भांडवल देऊन ते थांबले असते तर हॉटेल बंद पडलं असतं, असं मला वाटतं. राजा गिऱ्हाईक झाला, म्हणून ते चाललं. सामाजिक क्रांती म्हणून ही गोष्ट आपण सांगतो, ते योग्यच. उद्योगाचे धडे देताना मात्र ती कुणी सांगत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तर आमच्याच जातकुळीचे, म्हणजे मास्तर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे आणि तेव्हाच बेळगावात सायकलचा व्यवसाय उभा करत होते. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडानं जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजांच्या आधारानं माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे सगळ्यांना पाठ असतं. ती दोन वर्षं कुणी लक्षात ठेवत नाही.

आजचंही उदाहरण आहे. आयआयटी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी सुरू केली. तिथल्या ‘साइन’ या इन्क्युबेटरचा त्यांना आधार होता. ‘थ्री इडियट्स’मध्ये उडालेलं यंत्र त्यांचंच. पण सिनेमानं कंपनी चालत नाही. डीआरडीओबरोबर ‘नेत्र’ ड्रोन झाला, सैन्य आणि पोलीस गिऱ्हाईक झाले आणि २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मधली सोळा वर्षं स्पर्धेच्या स्लाइडवर मावत नाहीत.

आता धोरणांकडे येऊ. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१९ च्या धोरणात विद्यार्थी उद्योजकांसाठी चांगल्या सवलती आहेत: अंतिम वर्षाच्या प्रकल्पाऐवजी स्वतःचा उद्योग दाखवता येतो, उपस्थिती कमी भरली तरी परवानगीनं परीक्षेला बसता येतं, सत्राचा किंवा वर्षाचा खंड घेता येतो, कंपनीच्या नोंदणीला कॉलेजचा पत्ता वापरता येतो. पण कागदावर. वर्गशिक्षक उपस्थितीचा तक्ता घेऊन बसतात आणि मुलाच्या आईला फोन जातो. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाची कल्पना मला त्यापेक्षा आवडते. २०१८ पासून तिथे विजेत्यांना १५ लाखांपर्यंतचे सरकारी कार्यादेश देण्याची पद्धत सुरू झाली. बक्षीस म्हणजे चेक नव्हे, काम.

हेच कॉलेजांनी का करू नये? प्रयोगशाळेची उपकरणं, होस्टेलचं पाणी शुद्धीकरण, कॅन्टीनचा ओला कचरा, लायब्ररीचं सॉफ्टवेअर, सगळं आपण बाहेरून घेतो आणि निविदेत तीन वर्षांचा अनुभव नि तीन ताळेबंद मागतो. आपल्याच इन्क्युबेशन केंद्रातली, आठ महिन्यांची कंपनी पहिल्याच अटीला बाद! केंद्र सरकारच्या खरेदी नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते, अनामतही माफ असते. दर्जात सूट नाही, आणि ती असूही नये. एका खासगी संस्थेच्या खरेदी समितीत मी हा मुद्दा मांडला, तेव्हा ‘ऑडिटला काय सांगायचं?’ असं उत्तर मिळालं. केंद्राचं तेच कलम आपल्या नियमांत घालायचं आणि ते सांगायचं, एवढंच.

अशा ऑर्डरींतून देशाचं सकल उत्पादन किती वाढेल, ते अर्थतज्ज्ञ सांगतील. मला दिसतं ते एवढंच, की त्या ओल मोजणाऱ्या डब्याचं पत्र्याचं काम उद्यमनगरात होतं, पावडर कोटिंग दुसऱ्या शेडमध्ये, जुळणीला आयटीआयची दोन मुलं आहेत आणि रिजेक्शन घटलं की फौंड्रीची वीज वाचते. प्रत्येक पदवीधरानं उद्योजक व्हावं, असा माझा आग्रह अजिबात नाही. वर्गातल्या साठांपैकी दोघंतिघं खरोखर टिकली तरी गावात पगार निघतात.

हा अंक वाचणाऱ्यांत कारखानदार असतील, दुकानदार असतील, संस्थाचालकही असतील. दिवाळीनंतर एखादं पोर नमुना घेऊन तुमच्या दारात आलं तर त्याला शाबासकी देऊन वाटेला लावू नका. माल तपासा, दर पाडून घ्या, दोष दाखवा, पण पटला तर छोटी का होईना, लेखी ऑर्डर द्या. आणि ४५ दिवसांच्या आत त्याचं बिल चुकतं करा.